सरावात बॉल बसतो, मग मॅचमध्येच उशीर का होतो?

प्रश्न : मी ४१ वर्षांचा आहे. चार वर्षांपासून आमच्या जिमखान्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास टेबल टेनिस खेळतो. उजवा हात, शेकहँड ग्रिप (हात मिळवावा तशी पकड). वॉर्म-अपला फोरहँड-फोरहँड चाळीस-पन्नास बॉल सहज होतात. मॅच सुरू झाली की मात्र प्रत्येक बॉल अंगावर येतो, बॅट पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. बॅकस्पिनवर (बॉल उलटा, खालून फिरत येतो तेव्हा) टॉपस्पिन (वर घासून पुढे फिरवलेला बॉल) करायला गेलो की बॉल नेटमध्ये जातो आणि एखादा पलीकडे गेलाच तर माझा पुढचा बॉल टेबलाबाहेर. आमच्याकडे साठीचे एक काका आहेत, बॅकहँडला लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर) लावून खेळतात. ते जागचे फारसे हलत नाहीत आणि मला दोन्ही कोपऱ्यांत पळवतात. त्यांना माझा बॉल आधीच कळतो, मला त्यांचा कळत नाही. इथे कोच नाही. रबर बदलू का? रोबो (बॉल फेकणारं यंत्र) घेऊ का? आधी स्ट्रोक सुधारू की अंदाज? पुढच्या हंगामात वेटरन्स गटात उतरायची इच्छा आहे.
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे सरावात चाळीस-पन्नास बॉल होतात, ही. स्ट्रोक हाताला माहीत आहे असा तिचा अर्थ. सरावात बॉल त्याच जागी, त्याच वेगाने, त्याच स्पिनने परत येतो. त्यामुळे एक बॉल मारून झाल्यावर बॅट कुठे राहिली, डोळे कुठे होते, पाय कसे पडले होते, याने काही बिघडत नाही. मॅचमध्ये नेमकं तिथेच बिघडतं. तुमच्या बाबतीत स्ट्रोक आणि अंदाज या दोन्हींची अडचण एकाच ठिकाणी आहे: तुमची बॅट बॉलला लागते तिथपासून समोरच्याची बॅट लागेपर्यंतचा वेळ तुम्ही वाया घालवताय.

या वेळेचा हिशेब एकदा मांडून बघा. टेबल २.७४ मीटर लांब. दोघेही टेबलापासून अर्धा-पाऊण मीटर मागे उभे असतात, म्हणजे बॉलला या बॅटपासून त्या बॅटपर्यंत साधारण चार मीटर जायचं असतं. बऱ्यापैकी ड्राइव्ह (वेगाने पुढे मारलेला फटका) सेकंदाला दहा मीटरने जातो असं धरलं, तर तुमच्या हातात ०.४ सेकंद राहतात. डोळ्यांनी पाहून हात हलायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या ०.२ सेकंदांत पाऊल, कंबर, बॅट मागे, बॅट पुढे हे सगळं बसवायचं. त्या क्षणी बॅट मांडीपाशी लटकलेली असेल किंवा डाव्या खांद्यावर जाऊन बसली असेल, तर ते बसणार नाही. साठीच्या काकांचे हात तुमच्यापेक्षा चपळ असण्याची शक्यता कमीच आहे. ते बॅट थोडीच फिरवतात आणि लवकर बघतात, म्हणून त्यांना वेळ मिळतो. वयाची काळजी मनातून काढून टाका. भारताचा टेबल टेनिसपटू शरत कमल याने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याला चाळीस पूर्ण झाली होती.

कोच नाही म्हणता, तर पहिलं काम मोबाइलला द्या. टेबलाच्या उंचीच्या स्टँडवर, तुमच्या फोरहँडच्या बाजूला, थोडा तिरका मागे फोन ठेवा आणि दहा मिनिटं मॅच शूट करा. सराव शूट करून काही हाती लागणार नाही. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर तेच वापरा. मग प्रत्येक रॅलीत जिथे समोरच्याची बॅट बॉलला लागते, तिथे थांबवा आणि स्वतःकडे बघा. तुमची बॅट कुठे आहे? गुडघे वाकलेले आहेत की सरळ? मान कुणीकडे आहे? पहिल्याच पाच रॅलींत तुम्हाला दिसेल की त्या क्षणी तुम्ही आधीच्या फटक्यातून बाहेरच आलेले नाही. समोरच्याचा बॉल निघाला तेव्हा बॅट पोटासमोर, टेबलाच्या वर, टोक पुढे करून असायला हवी. ती तशी नसेल तर त्यापुढचा उशीर ठरलेलाच.

आता स्ट्रोक लहान करू.

उभं राहताना पाय खांद्यांपेक्षा वीतभर जास्त रुंद, उजवं पाऊल डाव्यापेक्षा अर्धं पाऊल मागे, वजन चवड्यांवर. टाचा जमिनीला टेकलेल्या चालतात, पण त्यांच्याखालून कागद सरकवता आला पाहिजे. कोपर अंगाला चिकटलेलं नको, बरगड्यांपासून वीतभर पुढे. इथून फोरहँड ड्राइव्हचा बॅकस्विंग (बॅट मागे नेणं) म्हणजे फक्त कंबर वळवणं. छाती उजवीकडच्या नेटच्या खांबाकडे वळली की थांबा. हात कमरेबरोबर जाईल तेवढाच जाऊ द्या, खांद्यातून वेगळा मागे ओढू नका. बॅट पाठीमागे दिसायला लागली की ती जास्त गेली. फॉलो-थ्रूला, म्हणजे बॉल लागून गेल्यावर, बॅट नाकासमोर, फार तर डाव्या भुवईपाशी थांबवा. तुमच्यासारख्या स्वतः शिकलेल्या खेळाडूंची बॅट बहुतेक वेळा डाव्या खांद्यावरून मागे जाते. मारल्याचं समाधान मिळतं, पण तिथून परत येण्यात अख्खा पुढचा बॉल जातो.

थांबवायची कशी, याचं उत्तर पकडीत आहे. ग्रिप घट्ट असली की बॅट थांबत नाही आणि फोरहँडवरून बॅकहँडवर येताना तिचा कोनही बदलत नाही. तर्जनी बॅकहँडच्या रबराच्या खालच्या कडेला टेकलेली, अंगठा दुसऱ्या बाजूला हलका, बाकीची तीन बोटं मुठीभोवती. बॉल येण्याआधी कुणी बॅट ओढली तर हातातून निसटली पाहिजे, इतकी सैल. बॉल लागतो त्या क्षणी बोटं आपोआप आवळतात, लगेच पुन्हा सोडा. मॅचमध्ये ९-९ झाल्यावर तुमची पकड बघा. बहुतेकांचा त्या वेळचा बॅकहँड पकड आवळल्यामुळे बिघडतो.

हा छोटा स्ट्रोक बॉलशिवाय करा. घरी आरशासमोर वीस-वीसचे तीन सेट, सावकाश. प्रत्येक वेळी बॅट पोटासमोर परत आली की मगच एक आकडा मोजायचा, भुवईपाशी पोचल्यावर नाही. मोजायची जागा बदलली की स्ट्रोक कुठे संपतो याची सवयही बदलते.

बॅकस्पिनवरचा टॉपस्पिन नेटमध्ये का जातो? खालून फिरत आलेला बॉल तुमच्या रबराला लागला की खाली सरकू बघतो. तो वर न्यायचा तर बॅटने त्याच्या फिरण्यापेक्षा जास्त वेगाने वर घासलं पाहिजे. बॉल नेटमध्ये गेला की खेळाडू घाबरून पुढच्या वेळी हळूच उचलतो आणि हळू उचललेल्या बॅटवर बॅकस्पिन आणखी जिंकतो. उपाय उलटा आहे: बॅट जवळजवळ उभी धरा, अगदी किंचित झाकलेली (वरची कड पुढे झुकलेली). ब्लॉकला (वेगवान बॉल बॅट नुसती समोर धरून परतवताना) जितकी झाकता तितकी इथे चालणार नाही. सुरुवात उजव्या गुडघ्याच्या उंचीवरून करा, पण हात लांब सोडून नाही. उजवा गुडघा वाकवून, उजवा खांदा खाली आणून. बॉल उसळून सर्वांत वर पोचला की किंवा तिथून नुकता उतरायला लागला की, काडेपेटीवर काडी ओढावी तसा त्याच्या मागच्या बाजूवर बॅटचा ओरखडा वरच्या दिशेने ओढा. वेग बॉलला लागताना सगळ्यात जास्त हवा, सुरुवातीला नाही. उजव्या पायावरचं वजन त्याच वेळी डावीकडे येऊ द्या. उजवा पाय शेवटपर्यंत वाकलेलाच राहिला असेल तर तो फटका फक्त हाताने मारलेला आहे, आणि खांदा दुखायला सुरुवात होते ती इथूनच.

चूक कुठली ते कानाने कळतं. लाकडाचा टक्क आवाज आला तर बॉल ठोकला गेला, घासला गेला नाही. आवाज जवळजवळ नसेल आणि बॉल टेबलाबाहेर जात असेल तर घासणं बरोबर झालं, आता फक्त दिशा थोडी पुढची करायची.

तुमचा पुढचा बॉल बाहेर जातो, हे वाचून हायसं वाटलं, कारण त्याचं कारण पक्कं आहे. तुमच्या टॉपस्पिनवर समोरचा ब्लॉक करतो. तो ब्लॉक बॅकस्पिनचा नसतो, शिवाय लवकर येतो. तुम्ही मात्र मघाच्याच सवयीने गुडघ्यापासून बॅट उचलता. न उचलायचा बॉल उचलला की तो बाहेरच जाणार. दुसऱ्या फटक्याला बॅट टेबलाच्या पृष्ठभागाच्या उंचीवरून निघाली पाहिजे, जास्त झाकलेली, आणि दिशा वरची नाही तर पुढची. हे दोन फटके जोडीनेच घोटा: तुम्ही आखूड बॅकस्पिन सर्व्हिस करा, जोडीदाराने तुमच्या फोरहँडला लांब पुश (बॅकस्पिन देऊन हळू ढकललेला बॉल) करायचा, तुम्ही टॉपस्पिन, त्याने ब्लॉक, तुम्ही ड्राइव्ह, आणि रॅली तिथे संपवा. दोनच बॉल, पण पहिल्याची सुरुवात गुडघ्यावरून आणि दुसऱ्याची टेबलावरून. पंधरा रॅली झाल्या की भूमिका बदला.

बॅकहँडबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, म्हणून एकच गोष्ट. ब्लॉक उंच उडत असेल तर बॅट पुढे ढकलू नका. ती जास्त झाका आणि बॉल टप्पा पडून वर येतानाच घ्या.

आता अंदाजाकडे वळू. तुम्ही त्याला काकांना मिळालेली देणगी समजताय, पण तो बराचसा हिशेब आहे आणि त्याची सुरुवात समोरच्याकडे बघण्याआधीच, तुम्ही स्वतः काय पाठवलंय तिथून होते.

समजा तुम्ही खाली, लांब आणि भरपूर बॅकस्पिनचा पुश पाठवला. त्यावर समोरच्याला सपाट स्मॅश मारता येत नाही. तो पुश करेल किंवा उचलून टॉपस्पिन करेल, दोन्हींना वेळ लागतो. तुम्ही जोरात लांब टॉपस्पिन केला तर जिमखान्याच्या पातळीवर दहापैकी आठ वेळा ब्लॉकच येणार. तुमचा बॉल आखूड आणि उंच राहिला तर तो मारणारच, तेव्हा लगेच अर्धं पाऊल मागे. म्हणजे त्याने बॅट हलवण्याआधीच निम्मी उत्तरं बाद झालेली असतात.

जागेचंही तसंच. टेबल १५२.५ सेंटिमीटर रुंद आहे आणि सगळीकडे एकदम पोचता येत नाही. समोरच्याला जो कोन उपलब्ध आहे त्याच्या मधोमध उभं राहायचं. बॉल त्याच्या कोपऱ्यात गेला की एका बाजूला टेबलाच्या कडेला समांतर रेषा आणि दुसऱ्या बाजूला कर्ण, इतका कोन उघडतो, आणि कर्णाकडचा बॉल तर टेबलाच्या बाजूच्या कडेवरूनही बाहेर काढता येतो. म्हणून बॉल मारल्यावर कर्णाच्या बाजूला एक छोटं पाऊल, वीस-तीस सेंटिमीटर सरका. बॅकहँडच्या कोपऱ्यातून समांतर बॉल त्याच्या फोरहँडला मारायचा आणि तिथेच उभं राहायचं, ही सगळ्यांत महागडी चूक. तो तुमच्या फोरहँडच्या बाहेर क्रॉस, म्हणजे कर्णात, मारतो आणि तुम्हाला वाटतं की त्याने तुम्हाला पळवलं. खरं तर तो रस्ता तुम्हीच उघडून दिलेला असतो. काका जागचे हलत नाहीत याचंही कारण इथेच सापडेल: त्यांचे बॉल बहुधा तुमच्या उजव्या कमरेवर, फोरहँड-बॅकहँडच्या सांध्यावर पडत असणार. तिथून तुमचा कोनही अरुंद आणि फटकाही अडकलेला. तुम्हीसुद्धा काही सुचत नसेल तेव्हा बॉल समोरच्याच्या उजव्या कोपराकडे पाठवा. स्वतःवर तो आला तर बॅटने निर्णय घेऊ नका, पायाने घ्या: डावीकडे छोटं पाऊल टाकून फोरहँड किंवा उजवीकडे टाकून बॅकहँड.

यानंतर डोळे. बहुतेक खेळाडू स्वतःचा बॉल पलीकडे टप्पा पडेपर्यंत बघत राहतात, म्हणजे तो बसला का याची खातरजमा करतात. तोपर्यंत समोरच्याची तयारी होऊन गेलेली असते. तुमचा बॉल नेट ओलांडेपर्यंत नजर त्याच्या बॅटवर गेली पाहिजे. बॉल बसला की नाही ते कडेच्या नजरेलाही दिसतं. या एका बदलाने जितका वेळ मिळतो तितका दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

बॅटवर नजर गेली की आधी तिची उंची बघा. टेबलाखाली गेली तर तो उचलणार, टॉपस्पिन येतोय. बॉलपेक्षा वर, खांद्याच्या बाजूला राहिली तर चॉप (वरून खाली कापलेला बॉल) किंवा पुश. बॉलच्याच उंचीवर आणि मागे न जाता पुढेच असेल तर ब्लॉक. मग बॉल तो अंगापासून किती पुढे घेतोय ते बघा. लांब पुढे, लवकर घेतला तर क्रॉस. अंगाजवळ येऊ दिला तर समांतर. उजव्या हाताच्या खेळाडूचं फोरहँड मारताना मनगट मागे मोडलेलं राहिलं असेल तर बॉल तुमच्या बॅकहँडकडे येतो. खांदे आणि कंबर शेवटच्या क्षणी लपवता येत नाहीत, चेहरा आणि डोळे सहज लपवता येतात. त्याच्या डोळ्यांत बघू नका.

हे सगळं दिसलं तरी आधीच धावत सुटायचं नाही. अंदाज चुकला तर परतायला वेळ नसतो, आणि मुरलेला खेळाडू तुम्ही झुकायची वाटच बघत असतो. तो बॅट पुढे आणायला लागला की एक अगदी लहानशी उडी घ्या, पावलं जमिनीवरून जेमतेम सुटतील इतकीच. त्याची बॅट बॉलला लागताना तुम्ही दोन्ही चवड्यांवर उतरलेले असाल. तिथून डावीकडे किंवा उजवीकडे पहिलं पाऊल आपोआप जोरात पडतं. मात्र या उडीसाठी शरीर थोडं वाकलेलं लागतं. सरळ गुडघ्यांनी केली तर ती नुसतीच धाप लावेल.

सर्व्हिस वाचणं हा वेगळा भाग आहे आणि तिथे नियम तुमच्या बाजूने आहे. बॉल उघड्या सपाट तळव्यावरून किमान १६ सेंटिमीटर वर उडवायचा असतो आणि २००२ पासून तो अंगाआड किंवा हाताआड लपवता येत नाही. जिमखान्यात कुणी तळव्यातूनच मारत असेल किंवा पोटाआड करत असेल तर खेळ सुरू होण्याआधी नीट सांगा. भांडायची गरज नाही, स्पर्धेत त्यांनाही ते चालणार नाही.

बघायचं काय? बॅट बॉलला लागते तेवढाच क्षण. त्याआधीची आणि नंतरची सगळी हालचाल फसवण्यासाठी असू शकते. बॅट बॉलच्या खालून गेली तर बॅकस्पिन, मागून वर गेली तर टॉपस्पिन. बॅटच्या टोकाजवळ घासला तर स्पिन जास्त, मुठीजवळ लागला तर फार कमी. ही दुसरी सर्व्हिस सगळ्यात घातकी, कारण हालचाल तीच असते आणि बॉल बिनस्पिनचा येतो. हवेत बॉलवरचा छापा बघायची सवय लावा: अक्षरं दिसली तर स्पिन नाही, नुसती धूसर रेघ दिसली तर भरपूर आहे. सर्व्हिसचा पहिला टप्पा त्याच्या स्वतःच्या मागच्या कडेजवळ पडला की बॉल लांब आणि वेगात येणार. नेटच्या बाजूला पुढे पडला तर आखूड. साइडस्पिनला (बाजूला फिरणाऱ्या बॉलला) घाबरून बॅट आडवीतिडवी करू नका. तुमच्या बॅटवरून बॉल त्या दिशेला उडतो जिकडे सर्व्हिस करताना त्याची बॅट जात होती. म्हणून निशाणा तिची निघायची जागा धरून लावा: बॅट उजवीकडून डावीकडे गेलेली दिसली तर उजवीकडे खेळा. दिशा तुमच्या नजरेने धरा, त्याच्या नाही.

याचा सराव बॉल न मारताच होतो. जोडीदाराला वीस सर्व्हिस करायला सांगा, तुम्ही फक्त ओरडायचं: “टॉप”, “बॅक”, “साधा”. बॉल नेट ओलांडायच्या आत. तो लगेच खरं-खोटं सांगेल. रॅलीत हेच “फोर” आणि “बॅक” म्हणून करा: जोडीदार हळू, पण दोन्हीकडे मनाला येईल तसा बॉल देतो आणि तुम्ही मोठ्याने बोलून मगच खेळता. सुरुवातीला बॉल टप्पा पडल्यावर तोंडातून शब्द निघेल. आठवडाभराने तो नेटपर्यंत येईल. लाज वाटत असेल तर कोपऱ्यातलं टेबल घ्या, पण बोलायचं सोडू नका. मनातल्या मनात केलेला अंदाज नंतर कधीच चुकलेला आठवत नाही.

दीड तासातली ती चाळीस-पन्नास बॉलची क्रॉस रॅली दहा मिनिटांवर आणा. त्यानंतर जोडीदाराने दोन बॉल बॅकहँडला आणि तिसरा कुठेही द्यायचा, असं अर्धवट ठरलेलं खेळा. सगळं ठरलेलं असेल तर अंदाज शिकता येत नाही, काहीच ठरलेलं नसेल तर स्ट्रोक मोडतो. महिनाभराने स्वीडनमधल्या फाल्केनबर्गच्या क्लबवरून ओळखला जाणारा ड्रिल घ्या: जोडीदार दोन बॉल तुमच्या बॅकहँड कोपऱ्यात, तिसरा फोरहँडला देतो, तुम्ही पहिला बॅकहँडने, दुसरा डावीकडे वळसा घालून फोरहँडने आणि तिसरा धावत जाऊन फोरहँडने. तुमच्यासाठी वेग कमी ठेवा. तीन बॉलनंतर पाय सावरत नसतील तर तो वेग चुकीचा आहे. बादलीतून बॉल देऊन मल्टीबॉल करत असाल तर एका सेटला वीस-पंचवीसच, मग मिनिटभर विश्रांती. शंभर बॉल सलग घेतले की शेवटचे साठ तुम्ही चुकीचा स्ट्रोक घोटत असता. तीन-चार आठवडे मॅचमध्ये तुम्ही आधीपेक्षा जास्त हराल. त्या काळात जुन्या सवयीकडे परत वळू नका.

रोबो सध्या घेऊ नका. त्याला ना खांदा आहे ना बॅट. वाचायला काहीच नसतं. स्ट्रोक घोटायला तो चांगला, पण घोटलेला स्ट्रोक तुमच्याकडे आहेच. तेच पैसे तीन डझन सरावाच्या बॉलवर, एका बादलीवर आणि बिनघसरणाऱ्या तळव्याच्या बुटांवर लावा.

रबर बदलायचं का, ते त्याची पकड बघून ठरवा. ओल्या स्पंजने पुसून वाळवा आणि त्यावर बॉल दाबून ओढा. काचेवरून सरकावा तसा सरकला तर ते संपलं. आठवड्याला साडेचार तास खेळणाऱ्याचं रबर साधारण सहा महिन्यांत तसं होतं. नवीन घेताना जाड स्पंजचं अतिवेगवान रबर टाळा. १.८ किंवा २.० मिलिमीटर स्पंज, पाच थरांचं फक्त लाकडी ब्लेड (रबराखालची फळी), इतकं पुरे. वेगवान बॅटवरून बॉल लवकर सुटतो, मग परत लवकर येतो, आणि तुमची तक्रार तर वेळेचीच आहे. पावसाळ्यात हॉल दमट असतो तेव्हा दर थोड्या वेळाने रबर कोरड्या टॉवेलने टिपा, नाहीतर टॉपस्पिन घसरून नेटमध्ये जाईल आणि दोष स्ट्रोकला लागेल.

लाँग पिंपलला तर उलट आनंदाने सामोरे जा. त्यावर पुढचा बॉल कसा येणार ते तुम्हीच ठरवलेलं असतं. तुमचा बॅकस्पिन त्यावरून बिनस्पिनचा किंवा हलक्या टॉपस्पिनचा होऊन येतो, तुमचा टॉपस्पिन बॅकस्पिन होऊन येतो, आणि जितका जास्त टॉपस्पिन तितका जास्त बॅकस्पिन. म्हणून पिंपलवर टॉपस्पिन मारल्यावर पुढच्या बॉलला बॅट पुन्हा गुडघ्यापर्यंत खाली न्या किंवा सरळ पुश करा. काकांना सगळ्यात अवघड जाईल तो बिनस्पिनचा लांब बॉल, कारण त्यात पिंपलला उलटवायला काही नसतं. तो आला की जवळजवळ बिनस्पिनचाच परततो. तिथे फोरहँड ड्राइव्ह करा. बॅट हातात फिरवून बाजू बदलणारे खेळाडूही असतात. भारताची मनिका बत्रा, २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेतली एकेरीची विजेती, बॅकहँडला लाँग पिंपल लावते आणि रॅलीच्या मध्येच बॅट फिरवते. म्हणूनच दोन्ही बाजूंचे रंग वेगळे असण्याचा नियम आहे. मॅचआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे: पिंपल कुठल्या रंगावर आहे ते लक्षात ठेवा आणि रॅलीत रंगाकडे बघा.

वेटरन्स गटात उतरा. तिथे अनोळखी खेळाडू मिळतील, आणि अनोळखी खेळाडूचा अंदाज मॅच चालू असतानाच जमवावा लागतो. गेम ११ गुणांचा, दर दोन गुणांनी सर्व्हिस बदलते आणि दर सहा गुणांनंतर टॉवेलला जाता येतं. त्या टॉवेलच्या वेळी घाम पुसताना दोनच प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या आखूड सर्व्हिसवर त्याचा पुश कुठल्या कोपऱ्यात येतोय, आणि गुण हवाच असतो तेव्हा तो कुठली सर्व्हिस करतो? पहिल्या गेममध्ये उत्तरं गोळा करा, गेम गेला तरी चालेल. माणूस ८-८ नंतर नवीन काही करत नाही, हाताला सर्वांत बसलेलंच करतो. तिसऱ्या गेमला ८-८ असताना तो सर्व्हिसला उभा राहील, तेव्हा त्याची ती सर्व्हिस ज्या कोपऱ्यात येते त्याच्या बाजूला तुमचा उजवा पाय अर्ध्या पावलाने आधीच सरकलेला असू द्या.